मोठ्या स्पर्धेसाठी क्रीडा संकुल घ्यायचंय? साताऱ्यात आम्ही हे असं करतो

जिल्ह्याला राज्य स्पर्धेचं यजमानपद मिळालं की पहिले दोन दिवस नुसता आनंद असतो, ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज पडतात, कुणीतरी फ्लेक्सचं डिझाइनसुद्धा टाकतं, आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्यातरी डोक्यात येतं की अरे ग्राउंड कुठलं घ्यायचं. खरं काम तिथून चालू होतं. मी साताऱ्यात बरीच वर्षं कबड्डी आणि खो-खोच्या स्पर्धांच्या संयोजनात राबतोय, दरवेळी नवीन पोरं फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. कराड, फलटण, सांगली, कुठल्याही संकुलाला थोड्याफार फरकानं हेच लागू होईल.

आधी एक प्रसंग सांगतो, त्याशिवाय पुढचं मी का लिहितोय ते कळणार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या संकुलात आमची स्पर्धा होती. मंडपाचं सामान उतरवायचं होतं म्हणून आदल्या रात्री आम्ही गेटला कुलूप घातलं आणि वॉचमनला सांगितलं की आता पाच दिवस कुणाला आत सोडू नको. पहाटे सव्वापाचला मी मंडपवाल्याची गाडी बघायला गेलो तर गेटबाहेर सात-आठ पोरं-पोरी उभी. त्यातली एक पोरगी, डोक्याला स्कार्फ, पायात झिजलेले स्पोर्ट शूज, ती शिस्तीत वॉर्मअप करत होती, गेट उघडेल या भरवशावर. मी म्हटलं, ताई, स्पर्धा आहे, पाच दिवस बंद आहे. ती म्हणाली, "सर, माझं ग्राउंड बारा दिवसांवर आलंय." पोलीस भरतीचं ग्राउंड म्हणजे काय ते आपल्याकडं वेगळं सांगायला लागत नाही, मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा. डोंगरातल्या गावातनं येऊन तिथं खोली घेऊन राहिलेली होती. कुणी काही सांगितलं नव्हतं, बोर्ड नव्हता, नोटीस नव्हती. ती पोरं मग हायवेच्या सर्व्हिस रोडला पळायला गेली, अंधारात, उसाचे ट्रॅक्टर जातात त्या रस्त्याला. पाचही दिवस माझं लक्ष स्पर्धेत कमी आणि त्या रस्त्याकडं जास्त होतं. काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं आणि ते आमच्यामुळं झालं असतं.

तेव्हापासून मी संकुलाचा अर्ज लिहायला घेतला की आधी हे धरून चालतो की ती जागा रिकामी नाही. पहाटे भरतीची पोरं, सहाला चालायला येणारी आजोबा मंडळी, संध्याकाळी क्लबची लहान मुलं, या सगळ्यांच्या वेळेतनं आपण पाच दिवस काढून घेतोय. ते मोकळेपणानं मान्य केलं की पुढची तयारी आपोआप नीट होते.

आता कामाचं.

पहिलं म्हणजे ग्राउंड नक्की कुणाचं आहे ते शोधा. ऐकायला सोपं वाटतं पण इथंच लोक महिना घालवतात. जिल्हा क्रीडा संकुल आणि तालुका क्रीडा संकुल ही शासनाची, त्यांचा कारभार संकुल समिती बघते आणि जिल्ह्याला क्रीडा अधिकारी हे त्या समितीचे सचिव असतात, म्हणजे कागद त्यांच्या ऑफिसातनंच फिरतो. नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं मैदान असेल तर मुख्याधिकारी नाहीतर आयुक्तांच्या नावानं अर्ज. शाळा-कॉलेजचं असेल तर संस्थेचं पत्र लागतं, नुसत्या मुख्याध्यापकांच्या होकारावर जाऊ नका. साताऱ्यात एस्टी स्टँडजवळचं शाहू क्रीडा संकुल, जिल्हा परिषदेचं मैदान आणि तालीम संघाचं मैदान ही तिन्ही एकमेकांपासून फार लांब नाहीत पण तिघांचे मालक वेगळे, रीत वेगळी.

तारखा ठरवताना राज्य संघटनेचं कॅलेंडर सगळेच बघतात, पण आपल्या जिल्ह्याचं कॅलेंडर कुणी बघत नाही. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत शालेय स्पर्धा चालू असतात, तालुका, जिल्हा, विभाग अशा, तेव्हा संकुल क्रीडा ऑफिसलाच लागतं आणि ते मागणं बरोबरच आहे, शाळेच्या पोरांची स्पर्धा हलवून आपली घालायची नाही. फेब्रुवारी-मार्चला दहावी-बारावीचे पेपर, तेव्हा स्पीकर लावणं बरं दिसत नाही. निवडणूक लागली की हॉल मतदान यंत्रांना नाहीतर ट्रेनिंगला जाऊ शकतो, आणि आचारसंहितेत बक्षीस समारंभाला कुणाला बोलवायचं हाही गुंता होतो. पोलिसांचं बघा, डिसेंबरात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, जानेवारीत मांढरदेव आणि पाल, आषाढात लोणंद-फलटणला माउलींची पालखी, गणपतीचं तर विचारूच नका, या दिवसांत बंदोबस्त मागितला तर साहेब हात जोडतील. आणि एक गोष्ट बाहेरच्या संघटकांना कधीच माहीत नसते, सप्टेंबर-ऑक्टोबरला कास पठाराला फुलं असतात, शनिवार-रविवारी साताऱ्यात लॉजची खोली मिळत नाही. चाळीस संघ आले तर त्यांना झोपवणार कुठं?

सांगलीकडं पावसाळ्याचा वेगळा हिशेब. तिथं आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी चाळीस फूट आणि धोका पातळी पंचेचाळीस, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये तिथं मोठी स्पर्धा धरूच नका, ज्या हॉलमध्ये तुम्ही मॅट टाकणार तिथं पूरग्रस्त माणसं आणायची वेळ येऊ शकते आणि ती आली तर पहिला हक्क त्यांचा.

उन्हाळ्यात वळीव. २०२२ च्या एप्रिलमध्ये शाहू संकुलात महाराष्ट्र केसरी झाली, कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं गदा जिंकली ती, त्या स्पर्धेत वळवाच्या पावसानं असाच खोळंबा केला होता. एवढ्या मोठ्या स्पर्धेला जे झालं ते आपल्याला होणारच असं समजून एप्रिल-मेची उघड्यावरची स्पर्धा असेल तर एक दिवस राखीव ठेवा, आणि तो राखीव दिवससुद्धा अर्जात लिहा, नाहीतर पाऊस येऊन गेल्यावर कळतं की दुसऱ्या दिवशी ग्राउंड दुसऱ्याच कुणालातरी दिलंय.

अर्ज तीन महिने आधी द्या, त्याहून आधी दिला तर उत्तम, कारण समितीची बैठक काही दर आठवड्याला होत नाही आणि तुमचा विषय पुढच्या बैठकीवर गेला की झालं. सोबत राज्य संघटनेचं स्पर्धा मंजुरीचं पत्र, आपल्या संस्थेचं रजिस्ट्रेशन, कार्यक्रमाचा कच्चा आराखडा. आणि अर्जात "संपूर्ण संकुल मिळावे" असं कधीही लिहू नका. हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. नक्की काय पाहिजे ते लिहा, उदाहरणार्थ मुख्य मैदानाचा पूर्वेकडचा भाग, ड्रेसिंगच्या चार खोल्या, प्रेक्षक गॅलरी, दुपारी तीन ते रात्री दहा. असं लिहिलं की दोन फायदे होतात, एक तर भाडं तेवढ्याचंच लागतं, आणि दुसरं म्हणजे उरलेलं संकुल पहाटे चालू राहतं. मंडप उभारायचे दिवस आणि काढायचा दिवस हेही त्यातच मोजा, स्पर्धा तीन दिवसांची असली तरी संकुल तुमच्याकडं सहा दिवस असतं हे आधीच मान्य करा.

अर्ज दिला की आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या. मंजुरी आली की जावक क्रमांक असलेलं पत्र हातात घ्या. "साहेब हो म्हणालेत" हे बुकिंग नव्हे. आमचं एकदा असंच झालं, एका ठिकाणी तोंडी होकार मिळाला, आम्ही पत्रिका छापल्या, संघांना तारखा कळवल्या आणि आठ दिवस आधी जाऊन बघतो तर मैदानात ग्राहक प्रदर्शनाचे स्टॉल उभे राहतायत, लोखंडी पाइप रोवून. त्यांच्याकडं पत्र होतं, आमच्याकडं नव्हतं. भांडायला तोंडच नव्हतं. खेळाच्या मैदानावर प्रदर्शनं आणि लग्नं होऊच नयेत असं माझं मत आहे आणि ते मी समितीला लेखी कळवलंय, पण त्या दिवशी चूक आमची होती, कागद आम्ही घेतला नव्हता.

पैशाचं बोलताना दरपत्रक लेखी मागा. भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, लाइटबिल वेगळं, साफसफाई वेगळी, आणि फ्लडलाइटचा दर तासावर असेल तर सामना लांबला की खर्च वाढतो. स्पर्धा पुढं ढकलली किंवा रद्द झाली तर किती परत मिळणार ते त्याच पत्रात लिहून घ्या.

पत्र हातात आलं की टेप घेऊन ग्राउंडवर जा. मोबाइलच्या नकाशावर नाही, प्रत्यक्ष. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८, खो-खोचं २७ बाय १६ आणि शिवाय चारी बाजूंनी लॉबी म्हणजे मोकळी पट्टी, व्हॉलीबॉल १८ बाय ९, कुस्तीची गादी १२ बाय १२. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात पण मैदानाच्या बाहेर पंच, गुणलेखक, राखीव खेळाडू, कॅमेरावाला आणि पळत येणाऱ्या खेळाडूला थांबायला लागणारी जागा कुणी धरत नाही. कबड्डीची मॅट साधारण एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्यांची असते, म्हणजे नुसत्या पुरुषांच्या मैदानाला १३० तुकडे, भोवतीची पट्टी धरली तर बरेच जास्त. एकाच वेळी चार मैदानं चालवायची असतील तर मॅट कुणाकुणाकडनं आणायच्या ते आत्ताच ठरवा, कारण दोन वेगळ्या कंपन्यांच्या तुकड्यांचे दात एकमेकांत बसत नाहीत आणि मधे राहिलेल्या फटीत अंगठा अडकतो. हे मी डोळ्यानं बघितलंय, रेडरचा पाय त्या फटीत गेला आणि पोरगं सहा महिने घरी बसलं. तुकडे एकाच मैदानाला एकाच बनावटीचे वापरा, जोड पायानं दाबत दाबत सगळं मैदान स्वतः अनवाणी चालून बघा.

थंडीत रात्रीचे सामने असतील तर दवाचा विचार करा. डिसेंबर-जानेवारीला साताऱ्यात रात्री उघड्यावरची मॅट ओली व्हायला लागते, हाताला कळत नाही पण पायाला कळतं. दर सामन्यानंतर सुक्या टॉवेलनं पुसायला चार पोरं ठेवा, आणि जमलं तर वरून कापड घ्या. उन्हाळ्यात उलटं, दुपारी बारा ते चार मॅट तापते, तेव्हा सामने ठेवू नका.

कुस्ती घेणार असाल तर मातीच्या आखाड्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग असतात, त्यामुळं संकुलात तांबडी माती आणून टाकावी लागते, ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती तयार करतात आणि ती बघायलाही छान वाटते. पण ती थेट फुटबॉलच्या गवतावर टाकली तर पुढं वर्षभर तिथं गवत येत नाही. खाली जाड ताडपत्री, कडेला विटांचा नाहीतर पोत्यांचा बांध, आणि स्पर्धा झाल्यावर माती उचलून कुठल्या तालमीला द्यायची ते आधीच ठरवलेलं. तालमी आनंदानं नेतात, फक्त ट्रॅक्टर आपला लागतो.

सिंथेटिक ट्रॅक असेल तर त्याच्यावरनं वाहन न्यायचं नाही म्हणजे नाही. मंडपवाला म्हणतो, साहेब एकदाच जातो टेम्पो. त्या एकदाच्या वळणात ट्रॅक सोलतो. नाइलाज असेल तर प्लायवुडचे ताव अंथरून सरळ रेषेत ओलांडा, वळू नका. आणि पहार. मंडपवाल्याच्या माणसाला सवय असते, जागा दिसली की पहार मारायची. ट्रॅकच्या कडेला, ड्रेनेजच्या पाइपवर, कुठंही. चुन्यानं आखून द्या की या रेषेच्या आत खुंटी नाही, आणि पहिल्या दिवशी आपला एक माणूस त्यांच्यासोबत पूर्ण वेळ उभा ठेवा. लाकडी कोर्टच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या पायांना रबर, आत जेवण नाही, आणि बाहेरचे बूट नाहीत, मग ते पाहुणे कितीही मोठे असोत.

गॅलरीबद्दल थोडं जास्त लिहितो. २०२१ च्या मार्चमध्ये तेलंगणात सूर्यापेटला राष्ट्रीय ज्युनियर कबड्डीच्या वेळी प्रेक्षकांची तात्पुरती गॅलरी कोसळली आणि शंभरच्या आसपास माणसं जखमी झाली. लाकूड आणि पाइपची तशीच गॅलरी आपणही बांधतो, तसेच लोक आपल्याकडंही शिट्ट्या मारत, उड्या मारत बघतात. त्यामुळं गॅलरीवाल्यानं "काही होत नाय" म्हटलं तरी इंजिनिअरकडनं तपासून स्थिरतेचं सर्टिफिकेट घ्या, किती माणसं बसणार तो आकडा मोठ्या अक्षरात लावा आणि तेवढी झाली की जिना बंद. खाली मऊ माती असेल तर पाइपखाली फळ्या. पाऊस झाला की पुन्हा तपासणी. फायनलच्या दिवशी गर्दी झाली म्हणून दोर सोडून देणारे संयोजक मी बघितलेत, तसं करू नका हो, लोक नाराज झाले तरी चालतील.

बाकी परवानग्या पटकन सांगतो. पोलीस स्टेशन आणि वाहतूक शाखा, अग्निशमनचा ना-हरकत दाखला, महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन आणि जोडीला जनरेटर, पालिकेचा पाण्याचा टँकर आणि फिरती शौचालयं, साताऱ्यात असाल तर क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र आणि मैदानावर डॉक्टरसकट ॲम्ब्युलन्स. स्पीकर रात्री दहाला बंद, त्यामुळं शेवटचा सामना नऊच्या आत चालू होईल असं बघा. मुलींच्या स्पर्धेला कपडे बदलायची खोली आतून कडी लागणारी आणि खिडक्यांना पडदे असलेली आहे का, हे आपल्यातल्या एखाद्या बाईनं जाऊन बघितलं पाहिजे, पुरुषांनी बघून "आहे ठीक" म्हणायचं नाही. शाहू संकुलासारखं स्टँडजवळचं ठिकाण असेल तर पार्किंग आत देऊच नका, गाड्या लांब लावा, नाहीतर पोवई नाक्यापर्यंत रस्ता तुंबतो आणि एस्टीनं जाणाऱ्या माणसाला आपल्या स्पर्धेचा राग येतो.

आता परत त्या गेटबाहेरच्या पोरांकडं येतो, कारण हे काम कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं. पंधरा दिवस आधी पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात असे दोन दिवस स्वतः संकुलात जाऊन उभे राहा. कोण येतं, किती येतात, कशासाठी येतात ते वहीत लिहा. भरतीची अकॅडमी चालवणारे दोन-तीन सर असतात, ज्येष्ठ नागरिक संघाचे कुणी काका असतात, क्लबचे कोच असतात, त्यांचे नंबर घ्या. मग गेटवर मराठीत मोठा बोर्ड लावा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठला भाग बंद, कुठला चालू, आणि तेवढे दिवस दुसरीकडं कुठं जायचं. पर्याय शोधून देणं आपलं काम आहे. शाळेचं मैदान पहाटे उघडून घ्या, पोलीस परेड ग्राउंडसाठी विनंती करून बघा, नाही जमलं तर निदान ट्रॅकच्या बाहेरच्या दोन लेन पहाटे पाच ते साडेसात चालू ठेवा, मंडपाचं काम आठनंतर. आम्ही आता असंच करतो आणि खरं सांगतो, मंडपवाले कुरकुर करतात पण काम वेळेत होतं.

क्लबच्या लहान मुलांना बाहेर काढू नका, कामाला घ्या. बॉल बॉय, गुणफलक, मॅट पुसणं, संघांना रस्ता दाखवणं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले, माणच्या मोहीची ललिता बाबर रिओत स्टीपलचेसच्या फायनलला पळाली, आदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत जागतिक विजेती झाली, ही सगळी आपल्या जिल्ह्याची माणसं. आज गुणफलक फिरवणाऱ्या पोराला राज्याचा खेळाडू चार फुटांवरनं दिसतो, त्याचा घाम दिसतो, पंचाशी कसा बोलतो ते दिसतं. हे त्याला कुठल्या शिबिरात मिळणार नाही. संकुल पाच दिवस घेतल्याबद्दल त्याला आपण एवढं तरी देऊ शकतो.

संपल्यावरचं काम बक्षीस समारंभाच्या रात्रीच चालू करा, दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही, सगळे झोपलेले असतात. ताब्यात घेताना वॉचमन आणि ऑफिसच्या माणसासोबत फिरून फोटो काढले असतील, नळ, ट्यूब, दारं, जाळी, ट्रॅकचा कोपरान् कोपरा, तेच फोटो समोर धरून परत तसंच फिरा आणि दोघांच्या सह्यांचा कागद करा, डिपॉझिट त्याच कागदावर परत मिळतं. खुंट्यांचे खड्डे मातीनं बुजवून पाणी मारा. खिळे, तारा, टाचण्या शोधायला लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या मैदानावरनं ओढा, दहा-पंधरा खिळे हमखास निघतात आणि त्या मैदानावर अनवाणी पळणारी पोरं असतात. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्रावळ्या त्याच रात्री पालिकेच्या गाडीत. आणि गेटची चावी खिशात घालून घरी जाऊ नका, वॉचमनच्या हातात द्या आणि त्याला सांगा की उद्या पहाटे पाचला नेहमीसारखं उघड.